मेडिकलमधली गोळी आणि आमच्या सोसायटीतला चोर

खारेगावकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. मोबाईलवरून टाइप करतोय, शुद्धलेखन चालवून घ्या.

आम्ही कळव्याला, खारेगावात राहतो. बिल्डिंग जुनी, चार मजली, लिफ्ट नाही, वॉचमन फक्त रात्री. दिवाळीपासून आमच्याकडे चोऱ्या चालू होत्या. मोठं काही नाही हो, आधी पाण्याच्या मीटरजवळचे पितळी कॉक गेले, मग टाकीचा बॉलकॉक, मग दुसऱ्या मजल्यावरच्यांची सायकल, आणि गेल्या रविवारी पंपाची केबलच कापून नेली, तांब्यासाठी, अख्ख्या बिल्डिंगला दिवसभर पाणी नाही. परवा पहाटे दूधवाल्याने पकडला तर कोण, मागच्या चाळीतला पोरगा! एकोणीस वर्षांचा, माझ्या मुलीबरोबर बालवाडीत होता. खिशात गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा. जिन्याखाली मीटरबॉक्सच्या मागे हात घातला तर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, मी स्वतः मोजल्या, चौदा. आणि पकडल्यावर काही लाज? पायरीवर बसून जांभयांवर जांभया देत होता. पोलीस येईपर्यंत नुसत्या जांभया, नाक शर्टाला पुसतोय. माज बघा.

तर माझं म्हणणं साधं आहे. हे सगळं मेडिकलमध्ये मिळतं म्हणून होतंय. अमेरिकेत याच पेनकिलरच्या गोळ्यांनी गावंच्या गावं बसली म्हणे. मग सरळ बंदी का घालत नाहीत?

आणि गंमत बघा, आमच्या एरियातल्या एका मेडिकलवर धाड पडली तेव्हापासून नाक्यावरचा आमचा नेहमीचा मेडिकलवाला एकदम हरिश्चंद्र झालाय. आईची कंबरेची गोळी दोन-अडीच वर्षं नुसती रिकामी स्ट्रिप दाखवून मिळायची, आता म्हणतो नवीन चिठ्ठी आणा. तिचे डॉक्टर दवाखाना बंद करून गावी गेले, चिठ्ठी आणू कुठून? चार दिवस झाले. त्यात तिला सर्दी झालीय, पोट बिघडलंय, रात्रभर पाय झाडत असते, सगळ्यांवर चिडचिड. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

नेरुळची माऊ
+१. आमच्याकडे ड्रेनेजची लोखंडी झाकणं गेली, दोनदा. आता सिमेंटची बसवलीत, ती कोणी नेत नाही, आपोआप फुटतात 😄

स्पष्टवक्ता
चार फटके द्या, नशा उतरते की नाही बघा. पोराला दोन आणि मेडिकलवाल्याला दोन. ह्या लोकांना कळतं सगळं, पण पैसा दिसतो ना.

काउंटरमागचा
स्पष्टवक्ता साहेब, फटके द्या पण आधी ऐकून तर घ्या. ऐरोलीत माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे.

पहिली गोष्ट, सगळ्या गोळ्या एका पोत्यात घालू नका. मालेगावची ती कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलम. आपल्याकडे पोरं 'बटन' म्हणतात ते नायट्राझेपाम. ही झोपेची आणि चिंतेची औषधं झाली. अफूचं घराणं वेगळं. त्यात सिरपमधलं कोडीन, मग ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, इंजेक्शनमध्ये पेंटाझोसिन. मॉर्फिन, फेंटानिल तर माझ्यासारख्याच्या दुकानात येतच नाहीत.

नियम नाहीत असं नाही. मार्च २०१४ पासून एच-वन शेड्यूल आहे, त्यातल्या औषधाला वेगळं रजिस्टर, डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती नग दिले, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. ट्रॅमाडॉल २०१८ च्या एप्रिलमध्ये एनडीपीएसखाली (अमली पदार्थांचा कायदा) आलं, त्याच्या आधी आम्ही ते सर्रास द्यायचो.

आता खरं सांगतो, शिव्या घातल्या तरी चालेल. २०१२-१३ ला माझ्याकडे एकजण यायचा, रोज संध्याकाळी साडेसातच्या ठोक्याला. खोकताना त्याला मी कधी बघितलं नाही. दोन बाटल्या, बिल नको. बाहेर जाऊन बूच फिरवायचा, एका दमात रिकामी, आणि मग शेजारच्या टपरीवर चहा. टपरीवाल्याने एकदा मला विचारलं, शेठ तुमची गिऱ्हाइकं चहात चार-चार चमचे साखर का घालून घेतात? तेव्हा कळलं की असा तो एकटा नाहीये. (गोड खाल्लं की किक जास्त बसते अशी यांची समजूत.) तरी पुढे सहा महिने मी विकतच होतो. बाटलीमागे वरचे दहा-वीस सुटायचे. बायकोच्या मामेभावाचा मुलगा तसलीच बाटली हातात घेऊन दिसला तेव्हा बंद केलं, उगाच साधुसंत असल्याचा आव आणत नाही.

बंदीचं म्हणाल तर २०१६ च्या मार्चमध्ये सरकारने औषधांच्या ३४४ कॉम्बिनेशनांवर (एकाच गोळीत-सिरपमध्ये दोन-तीन औषधं) एका रात्रीत बंदी घातली, त्यात कोडीनची सिरपं होती. कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या, माल परत दुकानात, डिसेंबरात कोर्टाने बंदीच उडवली. मग २०२३ च्या जूनमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि कोडीनचं सिरप पुन्हा बंद. या सगळ्या वरखालीत मी काय बघितलं तर बाटली काउंटरवरून गेली आणि गल्लीत आली, भाव चढला, माणूस मात्र तोच.

खारेगावकर
म्हणजे तुम्हीच कबूल करताय की मिळत होतं म्हणून लोक पीत होते. माझाच मुद्दा झाला ना मग!

ओहायोत ठाणेकर
मूळचा पाचपाखाडीचा, सतरा वर्षं ओहायोत आहे, आमच्या गल्लीत दोन पोरं गेली या प्रकारात, तर थोडं लांबण लावतो.

इथे सुरुवात गर्दुल्ल्यांनी केली नाही, डॉक्टरांनी केली, आणि तीही पांढरा कोट घालून, चांगल्या मनाने. १९८० साली एका नामांकित मेडिकल जर्नलमध्ये एक पत्र छापून आलं, एका परिच्छेदाचं पत्र हो, संशोधन नाही. हॉस्पिटलात भरती असताना ज्यांना अफूजन्य औषध दिलं अशा ११,८८२ लोकांत व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची. भरती पेशंट, नर्सच्या नजरेखाली! पण पुढे ते पत्र सहाशेपेक्षा जास्त वेळा दाखला म्हणून वापरलं गेलं, जणू घरी महिनोन् महिने गोळ्या खाल्ल्या तरी काही होत नाही. १९९६ ला पर्ड्यू कंपनीची ऑक्सिकॉन्टिन, अफूच्याच घराण्यातली पेनकिलर, बाजारात आली, 'व्यसनाचा धोका कमी' म्हणत सेल्समन दवाखान्या-दवाखान्यात फिरले. २००७ मध्ये पर्ड्यू कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कोर्टात मान्य केला, दंडबिंड मिळून ६० कोटी डॉलरच्या वर भरले, आणि धंदा चालूच. २०१२ मध्ये इथे वर्षाला २५ कोटींच्या वर चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. दाढ काढली की तीस गोळ्या. मला स्वतःला मिळाल्या होत्या, खाल्ल्या चार, उरलेल्या बाथरूमच्या कपाटात पडल्या. चोराला कुठे लांब जायची गरज नाही, पोरंटोरं, पाहुणे, रंगकाम करायला आलेला माणूस, सगळ्यांना ते कपाट उघडं.

आता खारेगावकर, तुमच्या बंदीकडे येतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये पर्ड्यूने ऑक्सिकॉन्टिनची गोळी बदलली, कुटता येणार नाही, ओढता येणार नाही अशी केली. साधारण त्याच सुमाराला राज्यांनी गोळ्या वाटणाऱ्या क्लिनिकांवर धाडी घातल्या. चांगलं झालं ना? गोळीचा गैरवापर घटला पण. पण ज्यांना लागली होती ते कुठे गेले, तर हेरॉइनकडे, ते स्वस्त पडत होतं. २०१० मध्ये हेरॉइनने मेलेले तीन हजारांच्या आसपास होते, २०१६ मध्ये पंधरा हजारांच्या वर. मग फेंटानिल आलं. २०२१ मध्ये ओव्हरडोसचे एकूण १ लाख ६ हजार मृत्यू, त्यातले सत्तर हजार फेंटानिल आणि त्याच्या भावकीतले. आमच्या शेजारची पोरं त्यातलीच. दोघांपैकी एकाची सुरुवात खांद्याच्या ऑपरेशनपासून झाली, फुटबॉल खेळायचा.

म्हणून मी हल्ली कोणी नळ बंद करा म्हटलं की विचारतो, आधी पाणी पिऊन बसलेल्यांचं काय?

स्पष्टवक्ता
अमेरिकेच्या गोष्टी अमेरिकेत. आपल्याकडे संस्कार आहेत.

नेरुळची माऊ
संस्कारांनीच ड्रेनेजचं झाकण नेलं वाटतं 😂
अवांतर: वाशीत कंबरदुखीसाठी चांगला फिजिओथेरपिस्ट कोणी सांगेल का, बाबांना हवाय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भूलचूक
खारेगावकर, बाकी चर्चा होत राहील. मी भूलतज्ज्ञ आहे, ठाण्यातच. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये आईंबद्दल जे लिहिलंय ते सकाळपासून डोक्यात घोळतंय. गोळीचं नाव काय आहे, आणि दिवसाला किती घेत होत्या?

खारेगावकर
ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल लिहिलंय स्ट्रिपवर. आधी दोन सांगितल्या होत्या, मग दुखलं तर अजून एक. आता पाच-सहा होत असतील, ती डब्यातून स्वतःच घेते. का हो?

भूलचूक
सर्दी नसावी ती. नाक गळणं, पोट बिघडणं, पाय झाडणं, अंगावर काटा, झोप नाही, चिडचिड, आणि बरोबर चौथा दिवस. औषध एकदम तुटल्यावर शरीर असं मागतं. ट्रॅमाडॉल जरा दुतोंडी आहे, अफूच्या रिसेप्टरवरही बसतं आणि डिप्रेशनच्या काही औषधांसारखंही वागतं, त्यामुळे एकदम बंद केलं की घाबरं होणं, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं हे वरून. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या, मानसोपचारवाले किंवा पेन क्लिनिक, कोणीही चालेल. स्वतःच्या मनाने परत सहा सुरू करू नका आणि कुणाची स्ट्रिप उसनीही आणू नका.

खारेगावकर
अहो काय बोलताय डॉक्टर. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. एकादशी करते.

भूलचूक
एकादशी करणाऱ्यांनाही होतं. यात त्यांची काही चूक नाही. गोळी सवयीची होणं आणि माणूस व्यसनी होणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण गोळी तुटल्यावरचे चार दिवस दोघांचे सारखेच जातात.

तुर्भे गाळा नंबर अमुक
मी सहसा लिहीत नाही. हे वाचून लिहितो. चुका असतील, आठवी शिकलोय, आवाजाने टाइप करतोय.

एपीएमसीला कांदा-बटाट्यात हमाली केली मी, पन्नास किलोची गोणी, दिवसाला किती उचलल्या मोजत नाही कोण. पाठ गेली. एकाने निळी कॅप्सूल दिली, २००९ ची गोष्ट. घेतली आणि गोणी हलकी लागली, खोटं नाही, खरंच हलकी लागली. चहाच्या भावात मिळायची. आधी दोन, मग सकाळी चार संध्याकाळी चार. २०१३ ला त्यातलं औषध सरकारने बंद केलं. आम्ही ट्रॅमाडॉल घ्यायला लागलो. मग ते पण महाग झालं तर गर्द, पन्नीवर. मग सुई.

आता चोरीचं सांगतो. लोक म्हणतात नशेत चोरी करतात. नशेत माणूस कोपऱ्यात पडून असतो हो, त्याच्याच्याने उठवत नाही. मी चोरी केली ती टर्की लागल्यावर, म्हणजे माल तुटला की अंग मागतं तेव्हा. पहिल्यांदा गाळ्यातल्या काट्याची वजनं नेली, वीस किलोची दोन. ज्या शेठने मुलीच्या बारशाला पैसे दिले त्याच्याच काट्याची. भंगारवाल्याने विचारलं पण नाही कुठून आणली. दोन दिवसांचं पाकीट सुटलं. नंतर बहिणीकडे जेवायला गेलो आणि ती वाण्याकडे गेलेली बघून नळी काढून सिलिंडर उचलला. सिलिंडर खांद्यावर होता तेव्हा पण मला जांभया येत होत्या आणि डोळ्यातून पाणी. रडत नव्हतो, ते तसंच येतं.

खारेगावकर तुमच्या त्या पोराच्या जांभया माज नव्हता एवढंच सांगायचं होतं.

आता सात वर्षं झाली. सरकारी सेंटरवर जिभेखालची गोळी घेतो, ब्युप्रेनॉर्फिन, नर्ससमोर विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती पण त्याच खानदानातली आहे. पण तिने तलफ मारली. तिच्यावर मी परत कामाला लागलो, हमाली नाही, टेम्पोचा हिशेब लिहितो. शेठला वजनांचे पैसे दिले, त्याने घेतले पण.

काउंटरमागचा
🙏 दादा, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं मी काउंटरवर बघितलीत. एवढंच लिहितो.

स्पष्टवक्ता
म्हणजे एक अफू सोडवायला दुसरी अफू. आणि ती सरकारी पैशाने. टॅक्स आम्ही भरायचा.

भूलचूक
स्पष्टवक्ता, तुमचा टॅक्स वाचतोच त्यात. फ्रान्सने १९९५-९६ च्या सुमारास साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली. १९९५ ते १९९९ या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी झाले. म्हणजे अफूजन्य औषध जास्त मिळायला लागलं आणि मृत्यू घटले. सगळा फरक कुठलं औषध, कोणाला आणि कोणाच्या देखरेखीखाली यात आहे. तेच ट्रॅमाडॉल रिकामी स्ट्रिप दाखवून अडीच वर्षं मिळणं ही वेगळी गोष्ट, आणि रागावू नका, पण जिन्याखालच्या बाटल्यांपेक्षा ती मला फार लांबची वाटत नाही.

दुसरी बाजूही ऐका, कारण बंदीची मागणी आली की मला धडकी भरते. १९८५ ला एनडीपीएस कायदा आला. इतका कडक की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, लायसनची एवढी कटकट कोण करणार. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. पिकवतो आपण! मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि आपलेच कॅन्सरचे पेशंट ओरडत मेले. केरळात डॉ. राजगोपाल आणि मंडळींनी १९९३ ला कालिकतला अशा पेशंटच्या वेदना कमी करायचं काम सुरू केलं, वर्षानुवर्षं खेटे घातले, शेवटी २०१४ ला कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे सहा औषधांना 'अत्यावश्यक' म्हणून देशभर एकच नियम लागला. तरी परेल किंवा खारघरला टाटाच्या हॉस्पिटलात जाता येतं त्यांचं ठीक. शहापूर-मुरबाडच्या पेशंटला मॉर्फिनच्या गोळीसाठी लोकल धरावी लागते आणि जिन्याखालच्या पोराला चौदा बाटल्या दारात. मिळणं-मिळणं म्हणतो ते हे असं उलटं बसलंय.

एम्सने २०१९ ला देशभराचा सर्व्हे दिला त्यात अफूजन्य काही ना काही घेणारे सव्वादोन कोटी निघाले. त्यात मेडिकलमधल्या गोळ्या-सिरपवाले जवळजवळ हेरॉइनवाल्यांएवढेच आहेत, थोडेसेच कमी. म्हणजे ओहायोवाल्यांचं ऐकून आपण फार लांबून बघायचं काही कारण नाही.

काळा कोट
ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करतो, एनडीपीएसच्या केसेस असतात. एका बाटलीत, १०० मिलीच्या, कोडीन असतं जेमतेम २०० मिलिग्रॅम. पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हीरा सिंग प्रकरणात सांगितलं की वजन नुसत्या ड्रगचं नाही, सगळ्या मिश्रणाचं धरायचं. कोडीनला व्यावसायिक प्रमाण एक किलो. म्हणजे दहा-एक भरलेल्या बाटल्या सापडल्या की सरकारी वकील दहा वर्षांची भाषा करतो, जामीनही अवघड. औषध म्हणून सूट आहे की नाही यावर मग वाद चालत राहतात आणि पोरगा आत. त्याला माल पुरवणारा गाडीभर बाटल्या महामार्गावरून आणतो, त्याचं नाव रिमांड रिपोर्टमध्ये 'पाहिजे आरोपी' म्हणून असतं, झालं.

तुमच्या पोराच्या बाटल्या रिकाम्या होत्या ना? मग त्याच्यावर चोरीचं प्रकरण मुख्य. त्याच्या घरच्यांना एवढं सांगा की एनडीपीएसमध्ये कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा थोड्या प्रमाणाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर खटल्यातून संरक्षण मिळतं, उपचार पूर्ण केले तर. चोरीला ते लागू नाही. पण वकिलाने मांडलं तर जामिनाच्या वेळी कोर्ट ऐकून घेतं, माझा अनुभव आहे.

ओहायोत ठाणेकर
कोट साहेब, पुरवणाऱ्यावरून आठवलं. २०२५ च्या फेब्रुवारीत बातमी होती, मुंबईच्या एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल-कॅरिसोप्रोडॉलच्या (दुसरं स्नायू सैल करणारं औषध) गोळ्या घाना-नायजेरियात रस्त्यावर विकल्या जातायत म्हणून. मग सरकारने त्या कॉम्बिनेशनची निर्यात थांबवली. अमेरिकेने आपल्या लोकांवर केलं ते आपण आफ्रिकेतल्या लोकांवर करत होतो.

स्पष्टवक्ता
धागा भरकटतोय. चोर पकडला होता, आता त्याला वकील पण मिळाला. चालू द्या.

खारेगावकर
उशीर झाला लिहायला, दहा दिवस गडबडीत होतो.

आईला डॉक्टरांच्या सांगण्यावरून सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. केसपेपरच्या लाइनमध्ये ती मला म्हणाली, इथे कशाला आणलंस, मला काय वेड लागलंय का. आतल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी तिला रागवलं नाही, मलाच विचारलं अडीच वर्षं स्ट्रिप कोण आणत होतं. मीच आणत होतो. ऑफिसवरून येताना, दोन मिनिटांचं काम.

आता त्यांनी रोजच्या चार ठरवून दिल्यात, चिठ्ठीवर, दर दोन आठवड्यांनी कमी करायच्या, आणि कंबरेसाठी व्यायाम. डबा माझ्याकडे आहे. नाक थांबलं, झोप येतेय थोडी. काल दुपारी तिने बायकोला विचारलं, तुझ्याकडे डोकेदुखीची असेल ना एखादी, कुठलीपण चालेल. बायकोने नाही सांगितलं. मग दोघी बसून भाजी निवडत होत्या.

मेडिकलवाल्याकडे गेलो चिठ्ठी घेऊन. त्याने रजिस्टर काढलं, आईचं नाव लिहिलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

त्या पोराची आई आली होती घरी. वकिलाचं कलम ६४-अ वगैरे मी कागदावर लिहून दिलं, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा हेल्पलाइन नंबर पण लिहिला, तो टोल फ्री आहे. तिने विचारलं तक्रार मागे घेता का. सोसायटीची मीटिंग रविवारी आहे, माझं एकट्याचं नाही ते. दुसऱ्या मजल्यावरचे सायकलवाले अजिबात तयार नाहीत, आणि त्यांचंही चुकतंय असं मला म्हणवत नाही.

तुर्भेवाले दादा, व्यनि केलाय, बघा.

नेरुळची माऊ
काकूंना नमस्कार सांगा. आणि बॉलकॉक आता प्लास्टिकचा बसवा हो, पितळी नको.

तुर्भे गाळा नंबर अमुक
बघितला व्यनि. रविवारी सकाळी मला सुट्टी असते. पोराच्या आईला सांगा मी येतो, कळवा स्टेशनला पूर्वेला उभा राहतो.